पाचवी गुंडाळी

अण्णा, तुझ्या गोठ्याशेजारच्या खोपटात मला तारेच्या जाळीची एक अख्खी गुंडाळी सापडली. तुझं तेरावं होऊन दोन दिवस झाले होते. शाळेच्या स्लॅबखालचे टेकू काढायचे होते, पहार हवी होती, म्हणून मी आत गेले. पहार कोपऱ्यात होती. तिच्यामागे चार विटांवर आडवी ठेवलेली ही गुंडाळी. वर बारदान घातलेलं. ओल लागू नये म्हणून केलेली सगळी व्यवस्था. सांगलीच्या व्यापाऱ्याचा पत्र्याचा बिल्ला अजून तारेला लटकत होता, म्हणजे ती उघडलीसुद्धा नव्हती.

पाच गुंडाळ्या आल्या होत्या. पाचही शाळेच्या डोक्यावर, काँक्रीटच्या पोटात असायला हव्या होत्या. त्या डोक्याखाली पुढच्या सोमवारपासून पस्तीस पोरी बसायच्या होत्या.

गेलेल्या माणसाशी बोलत बसणं मला कधी पटलं नाही. वैनी तुझ्या फोटोपुढे दिवा लावून तासभर बोलते, तेव्हा मी अंगणात जाऊन काहीतरी काम काढते. पण आता मला एक सरळ प्रश्न विचारायचा आहे आणि उत्तर देणारा माणूस तूच होतास. म्हणून लिहिते.

आपला तो वाद आठव. साताऱ्याच्या कचेरीत जाळीसाठी अर्ज द्यायचा होता. लढाई संपली तरी लोखंड-सिमेंट परवान्याशिवाय मिळत नव्हतं, आणि अर्जात एकदा आकडा लिहिला की लिहिला. कमी पडलं तर पुन्हा रांगेत उभं राहा. मी पाटीवर गणित मांडलं. स्लॅब एकोणचाळीस फूट लांब, तेवीस फूट रुंद. गुणाकार आठशे सत्त्याण्णव. एक गुंडाळी पन्नास फूट लांब, पाच फूट रुंद, म्हणजे अडीचशे. भागाकार साडेतीनच्या थोडा वर. चार गुंडाळ्या. पाटी तुझ्यापुढे सरकवली.

तू पाटीकडे बघून हसलास.

"गोदे, पोरींस्नी ह्येच शिकीवतीस व्हय?"

"काय चुकलं त्यात?"

"चुकलं काय न्हाई. पाटीवर लय झ्याक झाला स्लॅब तुजा. आता पडतुय कवा, त्येवढं सांग."

मग तू खांद्यावरचा टॉवेल आणि माझं वाळत घातलेलं फडकं घेतलंस, दोन्ही जमिनीवर कडेला कड लावून पसरलीस आणि मला म्हणालास, उचल. मी उचललं. मधे फट पडली. "ह्या फटीत काँक्रीट हाय, पर तार न्हाई. हितनंच चिरणार." मग एकाची कड दुसऱ्यावर अर्धा फूट चढवलीस. जाळी फडक्यासारखी पट्टी-पट्टीनं अंथरायची असते, तिचं क्षेत्रफळ काढून भागतात ते मास्तर, असं म्हणालास. पाच पट्ट्या, पंचवीस फूट. चार सांध्यांत अर्धा-अर्धा फूट गेला की बरोबर तेवीस. मी चार पुसून पाच लिहिले. चूक असली की पुसायची, त्यात मला लाज वाटत नाही.

तेव्हा तू सहज बोलल्यासारखं बोललास, "तसं चारांत बी बसंल म्हना. लांबी एकोणचाळीस. हरएक बंडलाला अकरा फुटाचा तुकडा उरतोय. चार तुकडं जोडलं की पाचवी पट्टी."

आणि मी भडकले. तुला माहीत होतं मी भडकणार. या शाळेत बाकं आली ती मुलांच्या शाळेनं टाकलेली. फळा आला तो मुलांच्या शाळेतला, मधोमध चिरलेला. नकाशात तर अर्धा हिंदुस्थान उंदरांनी खाल्लेला. मी म्हणाले, "पोरींच्या डोक्यावर तरी ठिगळं नकोत. अख्ख्या पाच पट्ट्या हव्यात."

"बरं बाई. पाच ल्ही."

मी लिहिले आणि खाली सही केली. आयुष्यात तू इतक्या लवकर माझं कधी ऐकलं नव्हतंस. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

काँक्रीट टाकलं त्या दोन दिवसांत मी साताऱ्याला होते, मास्तरांच्या बैठकीला. परतले तेव्हा स्लॅब झाला होता, वर ओली बारदानं पसरली होती आणि तू खाली ओट्यावर पाय सोडून भाकरी खात होतास. मी विचारलं, "बसल्या का पाचही?" तू म्हणालास, "झ्याक बसलंय." तुझं ते वाक्य मी या आठवड्यात शंभर वेळा उलटसुलट करून पाहिलं. त्यात पाच हा आकडा नाही.

दोन दिवसांनी तुला ताप भरला. आठवडाभर मी रोज शाळा सुटली की तुझ्या उशाशी येऊन बसत होते. तेवढ्या दिवसांत तू माझ्याशी एकाच विषयावर बोललास. "पानी मारतीस का? दुपारचं दोनदा मार. वाळला तर तडकतो." मला वाटायचं, आता काहीतरी दुसरं बोलेल. लहानपणी आपण दोघांनी आईला न सांगता शेळी विकली होती त्याबद्दल बोलेल. मला शिकायला पाठवताना बापाशी भांडलास त्याबद्दल बोलेल. तू पाण्याबद्दल बोललास. बरं, पाण्याबद्दल तर पाण्याबद्दल. तू गेलास त्या दिवशीही दुपारी दोनदा पाणी पडलं. पोरींनी घागरी वर नेल्या, मी खालून मोजल्या. लोक काय म्हणाले ते मला ठाऊक आहे. स्लॅबला सुतक नसतं.

आता ही गुंडाळी.

आधी वैनीला विचारलं. ती म्हणाली, "आवं वन्सं, मला काय ठावं? गाडीतनं हितंच उतरीवली. मी इचारलं तर म्हनलं, गोदीचं हाय, हात लावू नगा. मला वाटलं तुमीच ठिवायला सांगितलंय."

गोदीचं. मी तर सांगितलं नव्हतं.

तुझ्यापासून लपवून काय उपयोग, म्हणून लिहितेच. माझ्या मनात पहिलं आलं ते तुझ्या गोठ्याचं छप्पर. दोन वर्षं तू म्हणत होतास, ह्यावर एक पातळ स्लॅब टाकला की बैल सुखी होतील. खोपटाच्या दारात उभी राहून मी गोठ्याकडे बघितलं आणि माझ्या भावाला मनात चोर म्हटलं. किती वेळ म्हटलं ते सांगत नाही. रात्रीची भाकरी मात्र गेली नाही.

तुझ्या हाताखालचा बिरू त्या वेळी जतला गेला होता, भावाकडे मेंढरं बघायला. तो चार दिवसांनी परतला. मी त्याला शाळेतच गाठलं.

"बिरू, स्लॅबात गुंडाळ्या किती घातल्या?"

"चार."

"आणि पाचवी?"

"ती अण्णांनी हिकडं आनूच दिली न्हाई. ऱ्हाऊ दे म्हनलं."

"मग तेवीस फूट भरले कसे?"

"तुकडं जोडलं की! उत्तरंच्या भिंतीलगतची पट्टी सगळी तुकड्याची हाय. मीच बांधली. अण्णा शेजारी उकिडवं बसल्यालं. हरएक सांध्याला हातभर चढ आन् बारा गाठी. एका जागी मी अकरा मारल्या, तर सोडून परत मोजाय लावलं." त्यानं माझ्याकडे बघितलं. "अख्ख्या पट्टीपरास तीच दणकट झालीया. बाई, रागावू नगा."

"मी रागावले नाही."

"मंग आसं का बघताय?"

मी त्याला घरी पाठवलं आणि टेकू काढलेल्या मोकळ्या खोलीत टेप घेऊन उभी राहिले. वर सात लोखंडी तुळया. तू त्या बसवल्यास तेव्हाच मी तुला विचारलं होतं की दोन तुळयांमधलं अंतर चार फूट आठ इंच कशाला, सरळ पाच का नाही. तू म्हणालास, "आसू दे." मला वाटलं, पलटणीत काहीतरी माप पाठ झालं असेल. तू बारा वर्षं फौजेसाठी पूल आणि बराकी बांधल्यास, तुझ्या डोक्यात असली मापं पुष्कळ होती.

आता मी पाटी घेऊन बसले. भिंतीवर दहा इंच टेकवून अकरा फुटांचा तुकडा सुरू केला, त्यावर पुढचा हातभर, म्हणजे वीस इंच चढवला, तर त्या सांध्याचा मध्य येतो भिंतीपासून नऊ फूट चार इंचांवर. चार फूट आठच्या दुप्पट. म्हणजे बरोबर दुसऱ्या तुळईच्या डोक्यावर. पुढचा सांधा चौथ्या तुळईवर. त्याच्या पुढचा सहाव्या. तिन्हींपैकी एकही सांधा अधांतरी नाही. तीनदा गणित केलं. तीनदा तेच आलं.

अण्णा, तुळया बसल्या तेव्हा जाळीच्या परवान्याचा अर्ज अजून लिहायचा होता. मी ती पाटी तुझ्यापुढे सरकवली त्याच्या महिनाभर आधीपासून तुझ्या डोक्यात चारच होत्या. मग माझे चार तू पुसायला का लावलेस? माझं उत्तर बरोबर होतं, रीत चूक होती, एवढं सांगून थांबता आलं असतं. आणि तुकड्यांचं नाव माझ्यासमोर काढलंस ते कशासाठी? मी नाही म्हणावं म्हणूनच? माझा हट्ट तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. माझ्याच हट्टाला धरून तू माझ्या हातानं पाच लिहवून घेतलेस की काय?

हे मला कळत नाही. मी दहा वर्षं पोरींना गणित शिकवते, उत्तर चुकलं तर कुठल्या पायरीला चुकलं ते मला लगेच दिसतं. इथं प्रत्येक पायरी बरोबर आहे आणि शेवटी जे उभं राहतं त्याचं काय करायचं ते समजत नाही.

पूर्वेच्या भिंतीकडे मी नंतर गेले. त्या भिंतीत तू दोन ठिकाणी दगड सपाट केले नाहीस. एकाआड एक दगड बाहेर ठेवलेत, एक ओळ कोपऱ्यात आणि दुसरी भिंतीच्या मधेच कुठेतरी. मी दोनदा बोलले होते की हे घडवून घे, पोरींच्या डोक्याला लागेल. "करतो की," म्हणालास आणि केलं नाहीस. शाळा तोवर बाहेर आवारातच भरत होती, पोरींनी त्यांवर दप्तरं अडकवायला सुरुवात केली. कोपऱ्यातली ओळ एकवेळ समजते, पुढेमागे भिंत वाढवायची तर असे दगड ठेवतात. पण मधली? मला ती तुझी चूक वाटायची. टेप लावला. दोन ओळींमधलं अंतर, बाहेरून बाहेर, चौदा फूट.

एका गुंडाळीतून सोळा-सोळा फुटांच्या तीन पट्ट्या निघतात. अठ्ठेचाळीस फूट, दोन उरले. तीन पट्ट्या पंधरा फूट, दोन सांध्यांत अर्धा-अर्धा गेला. चौदा. आणखी एका खोलीचं छप्पर.

टेप हातात तसाच धरून मी त्या दप्तरांशेजारी खाली बसले.

शाळा समितीची ती सभा आठवते का तुला? मी दोन खोल्या मागितल्या होत्या. चौथीच्या पुढे आपल्या गावात पोरी शिकत नाहीत, कारण पाचवीला बसायला जागाच नाही. समितीचे तात्या पान चघळत म्हणाले, "चवथीपातूर शिकल्या की बास झालं. फुडं काय मामलेदार करायच्यात?" सगळे हसले. तू तिथंच बसला होतास. बांधणारा तू, खर्चाचा अंदाज तुझा, गावात तुझ्या शब्दाला वजन. तू हसला नाहीस, पण तोंडही उघडलं नाहीस. एक खोली मंजूर झाली.

घरी येताना मी तुला काय काय बोलले ते मी विसरलेले नाही. फौजेत गोऱ्या साहेबापुढे बोलायचास आणि तात्यापुढे जीभ गिळलीस, असं म्हणाले. बायकोच्या पदराआडचा शिपाई म्हणाले. तू सगळं ऐकून घेतलंस. ओढ्यापाशी आल्यावर एवढंच म्हणालास, "बोलून भित्ताड उबं ऱ्हात न्हाई, गोदे."

"आणि न बोलून राहतं का?"

तो वाद तिथंच ओढ्यात राहिला. नंतर तू पूर्वेच्या भिंतीत दगड बाहेर ठेवत गेलास आणि मी तुला निष्काळजी म्हणत गेले.

हे असंच असेल का? मला खात्री नाही. चौदाचा आकडा योगायोगानंही येऊ शकतो. तुझ्या गोठ्याची रुंदी मी मोजलेली नाही आणि मोजणारही नाही. मोजली आणि तीही चौदा निघाली तर मी काय करू? तू चार शब्द बोलला असतास तर मला आज टेप घेऊन भिंती चाचपाव्या लागल्या नसत्या. मला सांगितलं असतंस तर मी खोट्या आकड्यावर सही केली नसती, हे तुला माहीत होतं म्हणून सांगितलं नाहीस, हेही मला समजतं. समजतं आणि राग येतो. राग आला की बारा गाठी आठवतात. मग कुठं ठेवू तो राग?

पण पोरींचा प्रश्न थांबत नव्हता. तुळयांचं गणित जुळतं म्हणून छप्पर जुळतंच असं नाही. तूच मला टॉवेल पसरून ते शिकवलंस. तात्यांचे दोन निरोप आले की सोमवारी पोरी बसवा, पेढे सांगितलेत. मी कळवलं, आधी वजन ठेवून बघणार.

शनिवारी नदीवरून ओली वाळू आणली. बिरूनं पोती भरून वर चढवली आणि उत्तरेच्या भिंतीलगत, तुकड्यांच्या पट्टीवर, ओळीनं रचायला घेतली. तू सांगायचास, पलटणीत नवा पूल झाला की पहिली गाडी जाताना बांधणारा खाली उभा राहतो. मी म्हणायचे, फुशारकी. त्या दिवशी मला बांधणारा दिसेना. मी आत गेले आणि दुसऱ्या नि तिसऱ्या तुळईच्या मधे, भिंतीपासून हातभर अंतरावर उभी राहिले.

वरून पोत्यांचा धप धप आवाज येत होता. बिरू पोती मोजताना कानडीत मोजतो. वंदु, येरडु, मूरु, नाल्कु. मग आवाज थांबला आणि तो दारात आला.

"बाई, तुमी भायर या. म्या उबा ऱ्हातो. गाठी माझ्या हायती."

"सही माझी आहे. पोती संपव."

"संपली."

"मग?"

तो आत येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. दोघंही वर बघत होतो. तासभर तरी उभे असू. मी तुळईला टांगलेला ओळंबा बघत होते, टोक जमिनीवरच्या खुणेकडे खाली येतंय का म्हणून. ते आलं नाही. मधे एकदा बिरू म्हणाला, "अण्णा आसतं तर इडी पेटीवली आसती." मी म्हटलं, माझ्या शाळेत नाही. तो हसला. मलाही हसू आलं, आणि मग बराच वेळ मी त्याच्याकडे तोंड केलं नाही.

पोरी सोमवारी बसल्या. पेढे तात्यांनी वाटले. पाचवीत जायला चार पोरी तयार आहेत, त्या ओसरीत बसतात.

काल मी साताऱ्याला लिहायला घेतलं. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर सरळ लिहिलं: मंजूर गुंडाळ्या पाच, वापरल्या चार, तुकडे जोडून काम पक्कं झालं, वजन ठेवून तपासलं, एक शिल्लक आहे. त्यांना परत न्यायची तर नेतील. तुला हे आवडणार नाही. विटांवर, बारदानाखाली ठेवून तू वाट बघितली असतीस, तात्या मरायची किंवा मत बदलायची. मला तसं जमत नाही. ओढ्यावरच्या वादाचं माझं उत्तर हेच होतं आणि अजून तेच आहे.

त्याच लिफाफ्यात दुसरा अर्ज घातला. पूर्वेला एक खोली, सोळा बाय चौदा, पाचवी ते सातवीसाठी. तात्यांकडे सहीला पाठवायच्या आधी मी स्वतः गेले आणि त्यांच्यापुढे उभी राहून वाचून दाखवला. पान थुंकून ते म्हणाले, "अण्णा आसं काय बोलला न्हवता." मी म्हटलं, "तो बोलत नव्हता. भिंतीत ठेवून गेलाय. येऊन बघा." ते आले, दप्तरं बाजूला करून दगडांवर हात फिरवला, आणि सही केली. का केली ते मला कळलं नाही. हल्ली मला बरंच काही कळत नाही.

अर्जात लागणाऱ्या मालाचे रकाने असतात. सिमेंटच्या पुढे पोती लिहिली. तुळयांच्या पुढे तीन. खालचा रकाना तारेच्या जाळीचा होता. तिथं मी लिहिलं: नको. आहे.